मिशीवाल्यांचा ट्रक

गळतीमामा धंद्यामुळे संशयी झाले, की मुळात संशयी होते म्हणून या धंद्यात रमले, हे त्यांच्या बायकोलाही तीस वर्षांच्या संसारात ठरवता आलं नव्हतं. गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणं हे त्यांचं काम. समोर आलेला रेडिएटर वरून कितीही कोरडा दिसो, तो कुठेतरी गळतोय असंच धरून चालायचं. हौदात बुडवायचा, हवा भरायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं. दूध पातळ आलं तर कुणीही कुरकुरतं. मामा दूध दाट आलं तरी कुरकुरत. "आज याला काय झालं?" म्हणत पातेल्यात डोकावत.

दुकान दोघांचं मिळून होतं. पुढच्या भागात मामांचा पाण्याचा हौद, कथलाचा डाग द्यायची शेगडी आणि पितळी टाक्यांची रास; मागच्या भागात मामीचं टेबल. मामी गाड्यांचं वायरिंग करायची. प्रत्येक वायरीला ती कागदाची बारीक पट्टी चिकटवून त्यावर लिहून ठेवायची, म्हणजे तिच्यामागून कुणी बॉनेट उघडलं तरी त्याची फसगत होऊ नये. तिच्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं कधी झालं नव्हतं. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. मामाच गिऱ्हाइकांना ऐकवत.

सोमवारी सकाळी शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात तो ट्रक दारात येऊन उभा राहिला. फुगीर नाकाचा, गोल मडगार्डांचा. मामांना मिसरूड फुटायच्या आतच कारखान्याने बनवणं बंद केलेला. मामांचे हात शटरवर होते तिथेच राहिले. असा ट्रक पंचक्रोशीत एकच होता आणि तो मिशीवाल्यांचा होता. मिशीवाले म्हणजे लाकडाची वाहतूक करणारे एक धिप्पाड गृहस्थ. आपल्या ट्रकला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. डागडुजीला आणला तरी काम होईपर्यंत स्टूल टाकून शेजारी बसत.

पण आतून उतरला तो भलताच माणूस. पस्तिशीचा, सडपातळ, हळू बोलणारा. उन्हं चांगली तापायला लागली होती तरी शर्टाच्या लांब बाह्या मनगटापर्यंत, गुंड्या लावलेल्या. दरवाजा उघडताना त्याने तो आधी किंचित वर उचलला आणि मग ढकलला. त्या ट्रकचा उजवा दरवाजा तसाच उघडतो, हे माहीत असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

"मामा ना तुम्ही?" तो म्हणाला. "रेडिएटर बदलायचाय. नवा आणलाय मी, अॅल्युमिनियमचा. आणि विजेवरचा पंखा."

त्याने खोकी खाली उतरवली. माल चांगला होता. मामांनी नवा रेडिएटर उलटापालटा करून पाहिला, पण लक्ष सगळं ट्रककडे. केबिनच्या कपाळावर मिशीवाल्यांनी पिवळ्या अक्षरांत ट्रकचं नाव रंगवलेलं होतं. ते खरवडून वर राखाडी रंगाचा हात मारला होता. रंग ताजा होता.

"गाडी कुणाची?" मामांनी विचारलं.

"माझीच. महिना झाला घेऊन."

"कुणाकडून?"

"एका गृहस्थांकडून."

"कुठल्या?"

"इकडचेच आहेत." मग जरा थांबून, "नाव सांगायला नको म्हणालेत ते."

मामांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी कागदपत्रं विचारली, तर ती घरी होती. काय वाहून न्यायचंय विचारलं, तर म्हणाला, हलकाच माल आहे. मागच्या हौद्यावर ताडपत्री घट्ट आवळलेली होती. मामा तिच्या दोरीला हात घालायला गेले, तसा तो पटकन मध्ये आला. "मागे काही काम नाही," तो म्हणाला. त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता, आणि त्या धुरात आणखी काहीतरी गोडसर मिसळलेलं होतं.

"बुधवारी संध्याकाळपर्यंत व्हायलाच हवं," तो म्हणाला. "गुरुवारी घाट चढायचाय."

मामांनी जुना रेडिएटर उतरवला. पितळी, जड, जाळीत चिखल आणि किडे बसलेले. खालच्या टाकीवर अंगठ्याएवढा डाग होता आणि डागाच्या कडेला सुईने कोरलेली तीन टिंबं. ती टिंबं मामांची स्वतःची. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तो डाग दिला तेव्हा मिशीवाले शेजारी स्टुलावर बसून होते. त्याच दिवशी मामांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "विकणार का?" मिशीवाले हसले होते. पुढे आणखी दोनदा विचारलं, आणि तिसऱ्या खेपेला ते हसलेही नव्हते. "हा ट्रक मी असेतो माझ्याकडे," म्हणाले होते.

मी असेतो.

मामा मागच्या भागात गेले आणि मामीला हळू आवाजात सगळं सांगितलं. मामीने हातातली पक्कड खाली ठेवली नाही.

"विकला असेल," ती म्हणाली.

"ते विकणारे नव्हेत."

"माणसाचं मन बदलतं."

"मग नाव लपवायचं काय कारण? नाव खरवडायचं काय कारण? आणि या उकाड्यात बाह्या कशाला, सांग. हातावर काहीतरी ओरखडे असतील."

"अहो," मामी म्हणाली, "खरं सांगा. संशय आलाय की हेवा वाटतोय?"

मामांनी मिशीवाल्यांचा नंबर फिरवला. तो बंद होता.

काम सुरू झालं. नव्या रेडिएटरची भोकं जुन्या चौकटीशी बोटभर चुकत होती, म्हणून मामांनी पट्ट्या कापून नव्याने भोकं पाडली आणि खाली रबराच्या चकत्या घातल्या, म्हणजे खड्ड्यात दणका बसला तरी अॅल्युमिनियमला तडा जाऊ नये. इंजिनाच्या पुढचा लोखंडी पंखा काढून टाकला. हे का करायचं, ते त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो मामीला सांगत होता, "जुना पंखा इंजिन फिरेल तेवढाच फिरतो, मावशी. घाटात गाडी मुंगीच्या पावलाने जाते. जेव्हा वारा जास्त हवा तेव्हाच पंखा सुस्त. विजेचा पंखा इंजिनाची वाट बघत नाही."

"पण तुमचा हा डायनॅमो एवढी वीज देणार नाही," मामी म्हणाली. "तोही बदलावा लागेल."

"बदला. फक्त गुरुवार चुकवू नका."

जेवायच्या सुट्टीतही तो ट्रक सोडून गेला नाही. केबिनमध्ये बसून डब्यातलं काहीतरी खाल्लं. मामा हौदाआडून त्याच्यावर डोळा ठेवून होते. दोनदा त्यांची नजरानजर झाली, आणि दोन्ही वेळेला तोच आधी मामांकडे बघत होता.

मंगळवारी मामा सामान आणायचं निमित्त करून मिशीवाल्यांच्या घरी गेले. दाराला कुलूप. खिडकीतल्या कुंड्या वाळून करकरीत झालेल्या. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या.

"ते ना? गेले," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे होऊन गेले असतील. एक बारीकसा माणूस आला होता, लांब बाह्यांचा. आजोबा त्याचा दंड धरून जिना उतरले. एकच पिशवी होती बरोबर. त्यांच्याच ट्रकमध्ये बसून गेले दोघं."

"आजोबा काही बोलले?"

"एरवी मला हाक मारल्याशिवाय जात नाहीत. त्या दिवशी माझ्या समोरून गेले आणि बघितलंसुद्धा नाही."

"आणि ट्रक?"

"दुसऱ्या दिवशी तोच माणूस ट्रक घेऊन एकटा आला, घरातून दोन खोकी घेऊन गेला."

मामा तडक पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरवलंय असं कोण म्हणतं? घरचं कुणी आलंय?" घरचं कुणी म्हणजे एक मुलगी होती, लग्न होऊन दूर गेलेली. तिचा पत्ता मामांना ठाऊक नव्हता. "मग ट्रकची चोरी झाली असं कोण म्हणतं?" हवालदार म्हणाला. "तुम्ही? तुमचा ट्रक आहे का?" मामा मान खाली घालून बाहेर पडले.

परत येऊन त्यांनी मामीला सांगितलं, तेव्हा मात्र तिने हातातली पक्कड खाली ठेवली. "लाकडाच्या वखारीत विचारते," ती म्हणाली. "तिथल्या कारकुनाकडे मुलीचा नंबर असेल. तोवर उगाच तोंडातून काही काढू नका."

वखारीचा कारकून रजेवर होता, गुरुवारी येणार होता.

बुधवारी दुपारी काम पुरं झालं. मामीने नवा डायनॅमो आणि पंखा चालू-बंद करणारा रिले बसवला, फ्यूजच्या डब्यात पंख्यासाठी वेगळा खण केला, प्रत्येक वायरीला पट्टी चिकटवली. पहिल्यांदा चालू केला तेव्हा पंखा उलटा फिरला. वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर फेकायला लागला. तिने दोन वायरींची अदलाबदल केली, आणि मग रेडिएटरसमोर धरलेला कागद जाळीला चपकन चिकटून बसला. मामांनी पाणी भरलं, इंजिन चालू ठेवून हवा बाहेर काढली. तापमानाचा काटा चढला, ठरल्या जागी पोचला, पंखा घरघरत सुरू झाला आणि काटा पुन्हा खाली आला. लांब बाह्यांचा माणूस कान देऊन ऐकत होता. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. "मावशी, काय सुरेख काम आहे," म्हणाला, आणि हात धुवायला मागच्या नळावर गेला.

मामी पक्कड-पाने आवरत होती. मामा एकटेच बॉनेटपाशी उभे होते. आणि तिथे त्यांनी ते केलं. फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडलं, पंख्याच्या खणातला फ्यूज चिमटीत धरून उपटला, खिशात टाकला आणि झाकण लावून बॉनेट आपटलं.

त्यांचा हिशेब असा होता: पंखा लागणार नाही, पुलाच्या चढावरच गाडी तापेल, हा झक मारत फोन करील. गाडी ओढून परत दुकानात. तोवर उद्या कारकून भेटेल आणि खरं-खोटं कळेल. इंजिनाला काही होणार नाही, तो काही इतका मूर्ख नाही की धूर निघेपर्यंत चालवील. एवढंच. मामांना आपण फार मोठं काही केलं असं वाटलंही नाही. पळणाऱ्याच्या वाटेत पाय घातल्यासारखं केलं, बस्स.

ट्रक गेला. मामा फोन समोर ठेवून बसले. अंधार पडला, जेवणं झाली, फोन वाजला नाही. मामांच्या लक्षात आलं ते बिछान्यावर पडल्यावर: संध्याकाळचा गारवा, सपाट रस्ता, हलकी गाडी. पळत्या गाडीला वारा आपोआप लागतो. पुलाचा चढ म्हणजे असून असून केवढा. तो कुठल्या कुठे निघून गेला असेल. मिशीवाल्यांचा मागमूसही आता लागायचा नाही, असं वाटून त्यांना झोप आली नाही.

गुरुवारी नऊच्या सुमाराला मामी वखारीतून धावतच आली. नंबर मिळाला होता. तिने तिथल्या तिथे फोन लावला आणि दोन वाक्यं बोलून मामांच्या हातात दिला. "घ्या. तुमचे मिशीवाले."

"कोण, गळती का?" पलीकडून तोच घोगरा आवाज आला. मामा खुर्चीत बसले.

"तुम्ही... बरे आहात ना?"

"बरा म्हणजे, डोळे गेलेत. वर्षभर जात होते, मी कुणाला बोललो नाही. शेवटी मुलीने इकडे आणलं. आणलं म्हणजे, त्या मधवाल्या पोरानेच आणून सोडलं, माझ्याच ट्रकमधून. म्हटलं, एकदा शेवटचं बसतो."

"मधवाला?"

"त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. फुलं असतील तिकडे पेट्या न्याव्या लागतात. घाटावर फुलोरा आलाय म्हणत होता. मी त्याला ट्रक दिला." मिशीवाले थोडं थांबले. "तुझ्याकडे आला होता ना तो? मीच पाठवला. म्हटलं, काम करायचं तर गळतीकडेच कर, पण माझं नाव काढू नकोस. तुला वाईट वाटलं असतं. तीनदा मागितला होतास."

"मग मला का नाही दिलात?" मामांच्या तोंडून निघून गेलं.

"तू तो चालवला नसतास रे. पुसून पुसून उभा करून ठेवला असतास. मला तो कामावर हवा होता. नाव मात्र मीच खरवडायला लावलं. ते माझं होतं, त्याचं नाही." मग आवाज जरा उजळला. "काल काम झालं म्हणून त्याचा फोन आला होता. तुझ्या बायकोची फार तारीफ करत होता. आज सकाळी पेट्या भरून निघालाही असेल. जपून नेईल तो. माश्यांना ऊन सोसत नाही म्हणे, बंद पेटीत कोंडल्या की तासाभरात मरतात."

मामांनी फोन कसा ठेवला ते त्यांचं त्यांना कळलं नाही. मामी समोर उभी होती.

"तोंड का उतरलं?" तिने विचारलं. "सुखरूप आहेत ना?"

मामांनी खिशात हात घातला आणि तो बोटाच्या पेराएवढा फ्यूज टेबलावर ठेवला.

मामीने तो उचलला, उजेडात धरला. तार शाबूत होती. कुठल्या खणातला ते तिने विचारलं नाही. तिच्या आयुष्यात तिने असे हजारो फ्यूज बसवले होते, तरी हा कुठला ते तिला कळायला वेळ लागला नाही.

"माझ्या कामात हात घातलात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या कामात. त्याला वाटेल मावशीने बसवलाच नाही."

"अगं, मला वाटलं—"

"तुम्हाला काय वाटलं ते मला तीन दिवस ऐकू येतंय. उठा. पाण्याचे कॅन भरा."

मधवाल्याचा फोन लागत नव्हता. घाटात रेंज नसते. त्यांनी आपल्या छोट्या टेंपोत पाण्याचे सहा कॅन टाकले. स्टिअरिंगवर मामी बसली. घाटाचा पायथा तासाभरावर होता. मामा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीकडे मान ताणून बघत राहिले. ऊन पांढरंफटक पडलं होतं.

सातव्या वळणावर ट्रक दिसला. कडेला घेतलेला, बॉनेट वर. एका बाजूच्या पेट्यांवर झाडाची जेमतेम सावली होती आणि दुसरी बाजू उघडी उन्हात. ताडपत्री काढून मधवाल्याने ती त्या बाजूला काठ्यांवर ताणून बांधली होती. डोक्यावर जाळीची टोपी, हातात रिकामी बाटली. दुरूनच पंख्याची घरघर ऐकू आली.

"पाणी," मामी उतरताच म्हणाली. "पाणी आणलंय."

त्याने काही विचारलं नाही. तिघांनी मिळून रेडिएटर भरला आणि पोती ओली करून पेट्यांवर टाकली. पेट्यांच्या आत समुद्रासारखा आवाज घुमत होता. उन्हाकडच्या दोन पेट्या मात्र शांत होत्या. त्यांच्या फटीतून मध आणि वितळलेलं मेण पाझरून फळीवरून खाली ठिबकत होतं.

काम उरकल्यावर मधवाल्याने टोपी काढली. बाह्या कोपरापर्यंत वर सरकल्या होत्या आणि हातांवर नव्या-जुन्या डंखांच्या गाठीच गाठी.

"पाचव्या वळणावर काटा वर गेला," तो मामीला म्हणाला. "पंख्याचा आवाज मी काल नीट ऐकून ठेवला होता, तो येईना. इथवर आलो आणि वाफ निघायला लागली. गार होईपर्यंत थांबलो, मग डबा उघडला. फ्यूज जळला असेल असं वाटलं होतं. पण तिथे फ्यूजच नव्हता. तुमच्या पट्टीवर 'पंखा' लिहिलेलं होतं म्हणून खण सापडला. हॉर्नचा काढून तिथे घातला. पण रेडिएटरमध्ये घालायला पाणी उरलं नव्हतं."

मामीने मामांकडे पाहिलंही नाही. ती पोत्याचं पाणी पिळत राहिली. मामांना कळलं की ती वाट बघते आहे. काहीबाही सांगून सुटणं अवघड नव्हतं. गडबडीत राहिला असेल म्हटलं असतं तरी पटलं असतं.

"मी काढला," मामा म्हणाले. "हिने बसवला होता. मी काढला."

मधवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, ट्रक चोरीचा आहे. मिशीवाल्यांचं काही बरंवाईट झालं असं वाटलं. शेजारच्या बाईंनी तुला त्यांना नेताना पाहिलं होतं. तू काही सांगेनास." मामांनी शांत पेट्यांकडे बोट केलं, पण पुढचं वाक्य त्यांना जुळवता आलं नाही.

मधवाला मडगार्डावर टेकला.

"मलाही तुमचा संशय आला होता," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुम्ही हौदाच्या मागून बघत होतात, आत जाऊन कुजबुजत होतात. म्हटलं, हा माणूस काहीतरी करणार. म्हणून मी जेवायलासुद्धा हललो नाही. हात धुवायला तेवढा गेलो."

"माश्यांचं का नाही सांगितलंस?" मामीने विचारलं.

"आधी ज्या गॅरेजमध्ये गेलो होतो तिथे सांगितलं, मावशी. त्यांनी गाडी आत घेतली नाही. मागे रिकाम्या पेट्या होत्या, तरी नाही."

तो उठला. "चला. ऊन वाढतंय."

वर पोचेपर्यंत मामा-मामी टेंपो घेऊन ट्रकच्या मागेच राहिले, उरलेलं पाणी सांभाळत. गाडी पुन्हा तापली नाही. माथ्यावरच्या माळावर लहान जांभळी फुलं पसरली होती. पेट्या उतरवायला मामा सर्वांत पुढे होते. मधवाल्याने त्यांना जाळीची टोपी देऊ केली, ती त्यांनी मामीला दिली. मानेवर दोन आणि कानावर एक डंख बसला. शेवटी त्या दोन पेट्या उघडल्या. आत मेणाचा लगदा झाला होता आणि त्यात माश्या चिकटून राहिल्या होत्या. मामांनी त्या हाताने खरवडून काढल्या आणि खड्डा करून पुरल्या. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

निघताना मामा म्हणाले, "मी सरळ विचारलं असतं, तर सांगितलं असतंस का?"

मधवाल्याने विचार केला. "नाही," म्हणाला. "शब्द दिला होता."

तो हसला नाही, आणि हातही पुढे केला नाही. मामीला मात्र वाकून नमस्कार केला.

पुढे तो ट्रक दुकानात आला तो मामीकडेच, दिव्यांच्या कामासाठी. रेडिएटरचं काही निघालं तर मधवाला दुसरीकडे नेत असे. मामांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. गिऱ्हाइकांना बायकोचं कौतुक ऐकवणं मात्र त्यांनी बंद केलं. ते वाक्य तोंडाशी आलं की त्यांना पुढचं सुचेनासं होई. घरात मामी आठवडाभर कामापुरतं बोलत होती. आठव्या दिवशी तिने विचारलं, "मिशीवाल्यांना कोण सांगणार?"

"मीच सांगतो. फोनवर नको. जाऊन येतो."

रविवारी मामा बसने चार तासांचा प्रवास करून त्या मुलीच्या घरी गेले. मिशीवाले व्हरांड्यात बसले होते. मिशा तशाच भरदार, पण नजर मामांच्या खांद्याच्या बाजूने पलीकडे गेलेली. मामांनी काही लपवलं नाही. फ्यूज, चौकी, शेजारच्या बाई, दोन पेट्या, सगळं सांगितलं. मिशीवाले मध्ये एकदाही बोलले नाहीत. आता हे आपल्याला उठून जायला सांगणार, असं मामांना वाटलं.

"माझ्यासाठी चौकीत गेलास?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"गेलो होतो. हाकलून दिलं."

"हं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्या पोराच्या माश्या मारल्यास, ते वाईट केलंस."

"हो."

मग ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "तू घाटात मागेच होतास ना त्याच्या? सातव्या वळणापासून?"

"मागेच होतो."

"आठवं वळण उलट्या अंगाला कलतं. तिथे त्याने कुठला गिअर टाकला?"

मामा आठवू लागले. दुसरा, ते म्हणाले, आणि वळणाच्या आधीच टाकला, वळणात नाही. मिशीवाल्यांनी मान हलवली. आवाज कसा होता? भार घेतल्यावर मागचा भाग डावीकडे ओढत होता का? धूर कुठल्या रंगाचा? मामा एकेक वळण सांगत गेले: नववं, दहावं, ती अरुंद मोरी, तिच्यापुढचा खडा चढ. मिशीवाले डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा उजवा पाय मधूनमधून फरशीवर दाबला जात होता. मुलीने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा तो तसाच थंड होऊन परत गेला.